शेवटची प्रार्थना जाऊबाईंची

माझ्या थोरल्या जाऊबाई पडदे शिवतात. त्या खालच्या मजल्यावर आणि मी वरच्या, त्यामुळे दुपारची भांडी आवरली की मी सुई घेऊन खाली उतरते आणि त्यांच्या हाताखाली दुमड घालत बसते. पडद्याचं कसब वरच्या चुण्यांत असतं असं लोकांना वाटतं. जाऊबाई म्हणतात, चुण्या कोणीही घालेल, खालची दुमड बघा. कापड काही दिवस नुसतं टांगून ठेवायचं, ते आपल्या वजनाने उतरायचं तेवढं उतरू द्यायचं आणि मगच खालची शिवण मारायची. गिऱ्हाईक दारात पाय आपटत उभं राहिलं तरी त्या बधत नाहीत. पडदे टांगायचं काम भावोजींचं. ते शिडी घेऊन मागोमाग जातात आणि गिऱ्हाइकाच्या खिडकीवर चढून बायकोची थट्टा करतात.

आमच्या चर्चच्या मंडळीत मात्र जाऊबाईंना पडद्यांसाठी कोणी ओळखत नाही. तिथे त्या ओळखल्या जातात प्रार्थनेसाठी. बुधवारी संध्याकाळी आम्ही हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडून बसतो. ज्याच्या मनात येईल तो मोठ्याने प्रार्थना करतो, एकामागून एक, आणि शेवटची प्रार्थना तेव्हा जाऊबाईंची असे. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. पाळकसाहेब स्वतः बसलेले असले तरी ते आपली प्रार्थना आटोपून डोळे मिटूनच मान जाऊबाईंकडे वळवत. मग जाऊबाई खालच्या आवाजात सुरू करत. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाचं गुडघ्याचं दुखणं, कोणाचं घरात न बोलणं, सगळ्यांचं सगळं त्यांच्या लक्षात असे, आणि ते त्या असं एकात एक गुंफत नेत की आमेन म्हणताना आपलं ओझं कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटे. ऑपरेशनला जायच्या आधी माणसं डॉक्टरांच्या सहीइतकीच जाऊबाईंच्या प्रार्थनेची वाट बघत.

पण मी रोज त्यांच्या शेजारी बसणारी. एका दुपारी सुईत दोरा ओवता ओवता त्या मला म्हणाल्या, "तोंड चालतं गं. आत कोणी नसतं."

मी दुमड घालत राहिले. त्याच पुढे सांगत राहिल्या. लग्न होऊन आल्यावर मशीन चालवता चालवता त्या देवाशी बोलायच्या. कधी कधी डोळे इतके भरून यायचे की शिवण वाकडी जायची, आणि सासूबाई उसवायला लावायच्या. आता कित्येक वर्षांत एक शिवण वाकडी गेलेली नाही. हे त्या हसत हसत सांगत होत्या, पण दोरा काही सुईत जात नव्हता. शेवटी मी ओवून दिला.

अशात आमच्यात एक बस कंडक्टर आली.

आली ती पाळकसाहेबांच्या बायकोची, आमच्या पाळकबाईंची, पिशवी परत करायला. पाळकबाई कुठेही काहीही विसरतात. त्या दिवशी बसमध्ये विसरल्या होत्या, आणि पिशवीत मंडळीचा पत्ता होता. ड्युटी संपवून, गणवेशातच, खांद्याला चामड्याची बॅग लटकवून ती दारात उभी राहिली तेव्हा आमची प्रार्थना चालली होती. संपेपर्यंत थांबू म्हणून ती मागच्या खुर्चीवर टेकली. पुढच्या बुधवारी परत आली. काय विसरलं आज, असं पाळकबाईंनी विचारलं, तर म्हणाली, मीच काहीतरी विसरून गेले होते असं आठवडाभर वाटत होतं. काही महिन्यांनी तिने बाप्तिस्मा घेतला आणि ती गोलातल्या खुर्चीवर येऊन बसली.

तिची पहिली प्रार्थना मला अजून आठवते. दिवसभर गर्दीत ओरडून कमावलेला आवाज, तो हॉलमध्ये मावेना. "प्रभू, मी नवीन आहे. चुकलं तर मला थांबव," इथून तिने सुरुवात केली आणि मग थांबलीच नाही. सगळ्यांना आत घे म्हणाली. जे दारात लटकलेत त्यांना आधी घे, ते पडतील. आमचा ड्रायव्हर लटकलाय, बायको सोडून गेल्यापासून तो जेवत नाही, त्याला जागा दे, बसायला नको, उभं राहायला दे. आम्हाला हसू आलं. मग कोणीतरी नाक ओढलं, आणि बघता बघता अर्धा गोल रडत होता. आमच्यातले निवृत्त हेडमास्तर प्रार्थनेत नेमाने झोपतात. ते त्या दिवशी टक्क जागे होते.

त्यानंतर जाऊबाईंनी शेवटची प्रार्थना केली. नेहमीसारखीच नीटस. पण पंगत उठून गेल्यावर कोणी वाढायला यावं, तसं झालं ते.

घरी येताना त्या माझ्यापुढे चालत होत्या. आवाज चांगला आहे, म्हणाल्या. मग दहा पावलं झाल्यावर, धंद्याचाच आहे म्हणा. जेवताना भावोजींनी विषय काढला. बुधवारी ते हॉलबाहेर बाकावर बसून आमची वाट बघतात. ते म्हणाले, आज रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं, देव जरा लांब गेला होता वाटतं, तिने हाक मारून आणला. त्या रात्री भावोजींना दुसऱ्यांदा काय हवं ते कोणी विचारलं नाही.

मग दर बुधवारी तेच. जाऊबाई कंडक्टरच्या चुका मोजू लागल्या. ती आधी आभार मानत नाही, नुसती मागत सुटते. देवबापाला 'अहो' म्हणते आणि मध्येच 'अरे' वर येते. एकदा ऐन प्रार्थनेत शिंकली आणि देवाला सॉरी म्हणाली. मला वाटे, लोक आता तिच्याकडे वळले याचा त्यांना हेवा वाटतोय. तसं मी एकदा आडून विचारलं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"लोकांचं काय घेऊन बसलीस. ती बोलते तेव्हा तो समोर असतो गं. तिला दिसतो. माझ्या माहेरी जाऊन दुसरीच कोणी लाडकी लेक होऊन बसावी आणि माझ्या बापाने मला उंबऱ्यात ओळखू नये, तसं होतं मला."

मग त्यांनी कात्री उचलली आणि कापड इतकं सरळ कापलं की बघत राहावं.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहाटे प्रार्थनेला उठून पाहिलं, तर मशीनवर डुलकी लागू लागली. उपास करून पाहिला, तर एका गिऱ्हाइकाच्या बैठकीच्या खोलीचे पडदे वीतभर आखूड कापले गेले आणि भावोजी म्हणाले, खिडकीलाही उपास घडला. एका बुधवारी त्यांनी आवाज चढवून बघितला. पाळकबाईंनी डोळे उघडून त्यांना बरं नाही का ते पाहिलं. त्यानंतर त्या पुन्हा खालच्या आवाजावर आल्या.

आणि मग त्यांना ती मागची खोली सुचली.

आमच्या हॉलच्या मागे एक खोली आहे. जुन्या खुर्च्या, तुटका फळा, पंखा असून नसल्यासारखा. बुधवारी लहान मुलं घेऊन येणाऱ्या आयांची फार ओढाताण व्हायची. डोळे मिटले की पोर कुठेतरी चढलेलं असायचं. एका बुधवारी चहाच्या वेळी जाऊबाईंनीच विषय काढला, की मुलांना मागच्या खोलीत कोणीतरी सांभाळायला हवं. आणि हिच्याइतकं कोण सांभाळणार, भरलेली बस सांभाळते ही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आयांनी तर तिचे हातच धरले. कंडक्टर लाजली. नवीन माणसावर एवढा विश्वास, असं काहीतरी पुटपुटली. तिला तो मान वाटला.

आमच्या मंडळीत, आणि मला वाटतं सगळ्याच मंडळ्यांत, ही एक खोड आहे. कोणी तळमळीचा माणूस सापडला की आम्ही त्याला कामाला जुंपतो. आधी मागची खोली उघडायला म्हणून हॉलची किल्ली तिच्या हातात आली. मग रविवारची मुलांची शाळा आली. मग खुर्च्या मांडणं, आजाऱ्यांना भेटणं, कोण आलं नाही त्याला फोन करणं. ती कशालाच नाही म्हणाली नाही. देवाचं काम आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? यातलं सगळंच जाऊबाईंनी सुचवलं असं नाही. पण पहिली चूण त्यांनी घातली, पुढच्या आपोआप पडत गेल्या.

बुधवारचा गोल परत पहिल्यासारखा झाला. शेवटची प्रार्थना पुन्हा शेवटची झाली. ती पूर्वीपेक्षा लांबही झाली. फक्त मागच्या दारातून मुलांचा हसण्याचा आवाज आला की दोनचार माना तिकडे वळत, आणि हेडमास्तर पुन्हा झोपू लागले. मी एकदा जाऊबाईंना म्हटलं, तिला आलटूनपालटून गोलात बसू द्या की. त्यांनी तोंडात टाचण्या धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

असे बरेच महिने गेले. एका दुपारी आम्ही दोघी एका मोठ्या पडद्याला अस्तर लावत होतो, तोच कंडक्टर दारात आली. सुट्टीचा दिवस असावा, कारण पहिल्यांदाच मी तिला गणवेशाशिवाय बघितलं. ती लहान दिसत होती. बसायला जागा नव्हती, सगळीकडे कापड. ती कापडाच्या गठ्ठ्यावरच टेकली. पाणी नको म्हणाली.

मग तिने सांगितलं ते थोडक्यात असं. आधी बसमध्ये एका स्टॉपवरून दुसऱ्या स्टॉपपर्यंत ती देवाशी बोलायची, माणसं चढता उतरता त्यांच्यासाठी मागायची. आता बसमध्ये तिच्या डोक्यात खुर्च्या असतात. रविवारचा धडा असतो. कोणाला फोन राहिला ते असतं. घरी जाऊन गुडघे टेकले तर झोप लागते, नाहीतर भिंत दिसते. तिला वाटत होतं, तिच्या हातून काहीतरी पाप झालंय. म्हणून ती इथे आली होती.

"काकू, मला प्रार्थना येईनाशी झालीय," ती म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं कशी टिकवलीत, तेवढं सांगा."

मी जाऊबाईंकडे बघितलं. मला जे दिसलं ते लिहायला नको वाटतं, पण ते खरं आहे, आणि पुढे त्यांनी स्वतःही मला सांगितलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. किती दिवसांनी कपाळावरची आठी गेली. त्यांना बरं वाटलं. एखाद्या लेकराचा ताप उतरल्यावर आईला वाटावं तसं, फक्त इथे उतरलं होतं ते त्या मुलीचं सुख.

आणि मग त्यांना आपल्याला बरं वाटल्याचं कळलं. हातातलं अस्तर घसरून खाली गेलं. त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ होतं. नेमाने उठ, वाचन सोडू नकोस, वाळवंटासारखे दिवस येतात, हे सगळं त्या मोठ्या समाधानाने कित्येकांना सांगत आल्या होत्या. तेच सांगितलं असतं तर ती आभार मानून गेली असती.

"मी काही टिकवलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "माझं कधीचंच विझलंय. तुझं मला बघवेना, म्हणून तुला मागच्या खोलीत बसवलं."

कंडक्टर त्यांच्याकडे बघत राहिली. तिला एकदम समजलं नाही.

"मी मुलं चांगली सांभाळते म्हणाला होतात."

"सांभाळतेस."

"मग ते खोटं नव्हतं."

"खोटं असतं तर कोणीतरी मला अडवलं असतं."

ती उठली. पर्समधून हॉलची किल्ली काढून तिने मशीनवर ठेवली. माणसं फक्त बसमध्येच कोपराने ढकलतात असं वाटलं होतं, एवढंच म्हणाली आणि गेली. जाऊबाई मशीनपाशी बसून राहिल्या. मी अस्तर उचलून घडी घातली आणि वर आले. काही वेळा माणसाला एकटं सोडणं हीच सोबत असते.

पुढच्या बुधवारी कंडक्टर आली नाही. जाऊबाईंनी खुर्च्या मांडल्या, आणि गोलात न बसता सरळ मागच्या खोलीत मुलांपाशी गेल्या. गोलात भलताच घोळ झाला. सगळ्यांच्या प्रार्थना झाल्या आणि आम्ही डोळे मिटून बसलो ते बसलोच. आमेन म्हणायचं कोणी? शेवटी हेडमास्तर जागे झाले आणि त्यांनी एका वाक्यात संपवलं. मागच्या खोलीत जाऊबाईंची गत याहून वाईट होती. मुलांचा खुर्च्यांच्या बसचा खेळ होता आणि त्यात जाऊबाईंना कंडक्टर व्हावं लागलं. त्यांना ओरडता येईना. पोरांनी त्यांना पहिल्याच फेरीत कामावरून काढलं आणि प्रवासी केलं.

त्याच्या पुढच्या बुधवारीही ती आली नाही, आणि त्याच्याही पुढच्या. पाळकबाईंनी फोन केला तर ड्युटी बदललीय म्हणाली. जाऊबाईंनी पाळकसाहेबांना सगळं सांगून टाकलं होतं. पण त्याने ती काही परत आली नाही.

दुपारी मशीनचा आवाज मध्येच थांबू लागला. मी विचारलं नाही. त्यांनीच एकदा सांगितलं, की तिला परत आण असं त्या मागतायत. आणि ते मागता मागता त्या अडतात. कारण ती परत आली, पहिल्यासारखी झाली, तर त्यांना पुन्हा ते सगळं रोज डोळ्यांनी बघावं लागणार. "मिळालं तर माझंच नुकसान, असं पहिल्यांदाच काही मागतेय," त्या म्हणाल्या. "आणि शप्पत सांगते, मनापासून मागतेय का, तेही मला ठाऊक नाही."

मग एक दिवस आम्ही एका गिऱ्हाइकाचे पडदे पोचवायला निघालो. भावोजी शिडी घेऊन आधीच पुढे गेले होते. स्टॉपवर एक बस आली, जाऊबाई चढल्या नाहीत. दुसरी आली, तिला हात हलवून जा म्हणाल्या. मग तिची आली. आम्ही गठ्ठा घेऊन चढलो. कंडक्टरने आमच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं, दोन तिकिटं फाडली आणि म्हणाली, सामानाचं वेगळं लागेल. जाऊबाईंनी मुकाट्याने तेही घेतलं.

आमचा स्टॉप आला. भावोजी शिडी खांद्यावर घेऊन तिथे उभे होते. जाऊबाई उठल्या नाहीत. खिडकीतून भावोजींचं उघडं राहिलेलं तोंड मागे मागे जाताना मी बघितलं.

शेवटच्या थांब्यावर सगळी गाडी रिकामी झाली. ड्रायव्हर चहाला उतरला. कंडक्टर आमच्यापुढच्या सीटच्या दांडीला धरून उभी राहिली. स्टॉप गेला तुमचा, म्हणाली. माहितीये, जाऊबाई म्हणाल्या.

"माफी मागायला आलात?"

"तीही मागते. पण आधी एक विचारते. माझ्यासाठी प्रार्थना करशील?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. सगळं गाव त्यांना विचारायचं. कंडक्टरने दांडीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, मला येत नाही असं सांगितलं होतं ना, आणि त्यातून मला तुमचा अजून राग आहे.

"मग तेच सांग त्याला."

तिने डोळे मिटले नाहीत. बाहेर बघतच सुरू केलं. "प्रभू, मला या बाईंचा राग आलाय. ह्यांनी मला मागे बसवलं आणि मला वाटलं तूच बसवलंस. मी तुझ्यासाठी खुर्च्या उचलल्या आणि तू मला दिसेनासा झालास. कुठे होतास तू? आणि आता ह्या म्हणतात, ह्यांचंही विझलंय. तुला माहीत होतं ना हे? मग मला का नाही सांगितलंस? मी नसता केला का काही उपाय?" तिचा आवाज चढत गेला. रडायला लागली तरी थांबली नाही. आमच्यावर चिडली, पाळकसाहेबांवर चिडली, देवावर चिडली, आणि मग हळूच, चिडता चिडताच, या बाईंना आधी आत घे म्हणाली. ड्रायव्हर पायरीवर चहाचा ग्लास धरून तसाच उभा राहिला होता.

जाऊबाईंनी मला नंतर सांगितलं, त्या क्षणीसुद्धा त्यांना हेवाच वाटला. रागावली तरी हिला बोलता येतं, असा.

मग त्यांची पाळी आली. "हे दयाळू पित्या," त्यांनी नेहमीच्या खालच्या आवाजात म्हटलं आणि त्या अडल्या. पुढचं सगळं त्यांना पाठ होतं. ते त्यांनी म्हटलं नाही. ओठ नुसतेच हलले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हिच्याकडे आहे ते मला पाहिजे. हिचं काढून घेऊन नको." आणि पुढे त्यांना काही सुचलंच नाही. आमेनसुद्धा राहून गेलं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

आता मागच्या खोलीत आम्ही सगळे पाळीपाळीने बसतो, पुरुषसुद्धा. हेडमास्तरांच्या पाळीला मुलं त्यांना झोपू देत नाहीत. कंडक्टर गोलात असते. तिची तळमळ एकदम परतली नाही. कधी ती नुसतीच बसून राहते, कधी तिचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. रविवारच्या शाळेला आणि किल्लीला तिने नाही म्हणायला शिकून घेतलंय. शेवटची प्रार्थना ज्याची होईल त्याची.

जाऊबाईंचा हेवा गेला असं मी लिहिलं तर त्या स्वतःच मला खोटारडी म्हणतील. कंडक्टरचा आवाज रस्त्यापर्यंत जातो त्या बुधवारी जाऊबाई वाटेत कोणाशी बोलत नाहीत. घरी आल्या की सरळ पडद्यांच्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. आतून बोलणं ऐकू येतं, आणि ते खालच्या आवाजातलं नसतं. तिचं ऐकलंस, आता माझं ऐक, असं काहीतरी ऐकू येतं, आणि मग पुष्कळ वेळ काहीच नाही. परवा ताटं मांडून भावोजी आणि मी बसलो होतो. मी हाक मारायला उठले, तर त्यांनी मला हाताने बसवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आज ती भांडायला गेलीय. म्हणजे तिथे कोणीतरी आहे."